हात न लावता

कांदा उपटून रानभर वाळायला पसरला आणि दुसऱ्याच दिवशी आभाळानं रंग बदलला. सकाळभर ऊन मी म्हणत होतं, आणि दुपार कलली तशी डोंगराच्या अंगानं काळं धरायला लागलं. हा काही पावसाचा महिना नव्हे, पण आभाळाला कोण विचारणार? पात कापायच्या आधी कांदा भिजला की मानेतून पाणी आत शिरतं, आणि कांदाचाळीत भरलेला ढीगच्या ढीग आतून सडतो. पात कापायला सांगून ठेवलेल्या बायका ऐन वेळी पलीकडच्या मळ्यात निघून गेल्या. तिथं चहा दोनदा मिळतो म्हणे. राहिली घरची माणसं. दादा, वहिनी, मास्तरची बायको आणि सुट्टीवर आलेला स्वतः मास्तर.

आता हा मास्तर म्हणजे कसला मास्तर, ते आधी सांगायला हवं. यानं कितीतरी वर्षं जवळच्या कॉलेजात भाषा शिकवली. कविता शिकवायला उभा राहिला की मागच्या बाकावरची उनाड पोरंसुद्धा चूप बसायची. मग वडील दवाखान्यात गेले ते तिकडंच गेले. काय झालं, कशानं झालं, एका डॉक्टरनं तोंड उघडून सांगितलं नाही. "डॉक्टरांना सगळं येतं, फक्त माणसाशी बोलता येत नाही," असं मास्तर तेव्हापासून म्हणायला लागला, आणि म्हणता म्हणता चाळिशीच्या उंबऱ्यावर नोकरी सोडून, परीक्षा देऊन, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या शेजारी डॉक्टरी शिकायला जाऊन बसला. लोक हसले. सासऱ्यानं कपाळावर हात मारला. दादा तेवढा हसला नाही. "शिक. रान आम्ही बघतो," एवढंच म्हणाला.

आणि रान त्यांनी बघितलं. दादानं, वहिनीनं आणि मास्तरच्या बायकोनं. मास्तर शिकत राहिला.

शिकत राहिला म्हणजे कसा, तेही ऐका. पेशंटच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसला की हा घटकाभरात माणसाला बोलतं करायचा. जे दुखणं लोकांनी बायकोलाही सांगितलेलं नसे ते याला सांगत. शिक्षक वाखाणायचे. "मास्तरकडून शिका, कसं विचारायचं ते," असं पोरांना म्हणायचे. संध्याकाळी होस्टेलच्या पायऱ्यांवर पोरं जमायची आणि मास्तर त्यांना शिकवायचा. आधी बसा, मग विचारा, आणि विचारलं की गप्प राहा. सुरेख शिकवायचा. पण परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हटलं की हा आखडायचा. पोट दाबायचं, जखम उघडायची, बगलेत गाठ चाचपायची, इथं याच्या हाताला घाम सुटायचा. मग पोरांशी एक आपसातली तडजोड झाली. विचारायचं मास्तरनं, तपासायचं पोरांनी. "तोंड मास्तरचं, हात आमचे," असं बारकी म्हणायची. बारकी म्हणजे त्यांच्यातली सगळ्यात लहान चणीची मुलगी, आणि हात सगळ्यात तयार. परीक्षेपुरतं घोकून हा पास होत गेला. शेवटचं वर्ष आलं तरी तडजोड चालूच होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तर असा हा मास्तर कांद्याच्या ढिगापुढं विळा घेऊन बसला होता, आणि पहिल्या तासातच त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला होता.

"भाऊजी, कांद्याची मान कापायची असते," वहिनी म्हणाली. "बोट ठेवा ते, पुढं कामाला येईल."

बायको खाली मान घालून हसली. दादा हसला की नाही ते कळलं नाही, तो पाठमोरा होता. दादाचा विळा एका लयीत चालायचा. मूठभर पात, एक ओढ, कांदा पाटीत. वहिनीचा त्याहून जलद. पण आज वहिनीची लय मधेच मोडत होती. ती थांबायची, डावा हात जमिनीला टेकायची, उजव्या मुठीनं पोट दाबायची आणि पुन्हा पात धरायची. मास्तरनं ते पाहिलं.

"काय होतंय वहिनी?"

"काही नाही हो. जरा कळ येतेय पोटात."

"कधीपासून?"

"पहाटेपासून म्हणा. कापा तुम्ही, ते बघा वर कसं आलंय."

पण मास्तरला पेशंट मिळाला होता. त्यानं विळा खाली ठेवला, आणि खरं सांगायचं तर फोडामुळं तो आनंदानंच ठेवला. ढिगाच्या अलीकडून त्यानं विचारायला सुरुवात केली आणि ढिगाच्या पलीकडून वहिनी कांदे कापत उत्तरं देत गेली. कुठं दुखतं? बेंबीभोवती. कसं? पिळल्यासारखं. जेवण? काल रात्री धड नाही, सकाळी इच्छाच नाही. उलटी? एकदा, आंबट पाणी. झोप? कांदा उघड्यावर टाकून झोप कुणाला लागते हो. वहिनीला बोलायची हौस, याला ऐकायची. बांधावरून शेजारची म्हातारी येऊन उभी राहिली तीसुद्धा ऐकत राहिली.

"पित्त आहे," मास्तरनं सांगितलं. मग त्याच्यातला मास्तर उभा राहिला. रिकामं पोट म्हणजे तापत ठेवलेलं रिकामं भांडं, काळजीनं आच कशी वाढते, बुडाला कसं लागतं, सगळं त्यानं हातवारे करून असं सांगितलं की दादाचा विळासुद्धा थांबला. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, काय समजावून सांगतो. आमच्या डॉक्टरनं आजवर नुसत्या सुया टोचल्या."

मास्तरच्या बायकोनं मान वर केली. "अहो, एकदा पोट तरी बघा ना त्यांचं."

"बघायचं काय त्यात? सगळं ऐकलं की."

"तरी पण."

मास्तर अंगठ्याचा फोड चोळत राहिला. त्याच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. वहिनीला घरात चला म्हणावं, खाटेवर आडवं व्हायला सांगावं, पोटावरचं कापड बाजूला करायला सांगावं, आणि दाबून बघावं. पण दादा समोर बसलेला. म्हातारी उभी. वहिनीचं पोट. नुसत्या विचारानं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं तर वहिनी या घरात आली तेव्हा हा एवढासा होता, आणि पुढं कितीतरी वर्षं तिनंच याला पकडून न्हाऊ घातलेलं. तिला कसली लाज? लाज होती ती याचीच. त्यानं पिशवीतून पित्ताच्या गोळ्या आणल्या, वहिनीला दिल्या, म्हातारीनं मागितल्या म्हणून तिलाही दोन दिल्या. वहिनीनं गोळी गिळली आणि पुढची मूठ पकडली.

दुसऱ्या दिवशी वहिनी वाकून चालत होती. सरळ झाली की खालून काहीतरी ओढतंय म्हणाली. तरी कामाला बसली. कापलेला कांदा चाळीत न्यायचा होता, दादा पाट्या उचलत होता, त्याच्या पाठीचा घाम सदऱ्यातून बाहेर आला होता. आभाळ खाली उतरलं होतं. वारा नव्हता, आणि कांद्याचा वास घशात बसत होता.

"भाऊजी, काल बेंबीपाशी होतं," वहिनी म्हणाली, "आज खाली उजवीकडं सरकलंय."

हे वाक्य मास्तरनं याआधी खाटांशेजारी किती वेळा ऐकलं होतं. पुस्तकात तर ते जाड अक्षरात छापलेलं. बेंबीपासून निघून खाली उजवीकडं सरकणारं दुखणं म्हणजे काय, हे त्यानं पायऱ्यांवर पोरांकडून घोकून घेतलं होतं. पण आपण एकदा पित्त म्हणालोय, साऱ्या बांधानं ते ऐकलंय, म्हातारीनं गोळ्या घेतल्यात. म्हणालेलं परत कसं घ्यायचं?

"सरकलं म्हणजे निघालं बघा," तो म्हणाला. वहिनी हसली. हसताना पोट धरलं.

त्या दुपारी ती एकदम ओरडली. विळा हातातून सुटला. पार काळीनिळी पडली, कपाळावर घाम, ओठ पांढरे. बायकोनं तिला धरून बांधावर बसवलं. मास्तर दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला. आणि थोड्या वेळानं, काय गंमत पाहा, वहिनीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गेलं."

"काय गेलं?"

"दुखणं गेलं. उतारा पडला. भाऊजी, गुण आला तुमच्या गोळीला."

मास्तरच्या छातीत ऊब पसरली. दादानं त्याच्याकडं पाहिलं. दादा तोंडानं कधी कौतुक करायचा नाही, पण त्या दिवशी पाण्याचा तांब्या त्यानं आधी मास्तरपुढं धरला. वहिनी विहिरीवर जाईल त्या बाईला सांगत सुटली, "आमच्या भाऊजींनी नुसतं ऐकून ओळखलं. हात लावायची गरज पडली नाही." आणि मास्तरनं ते ऐकलं, आणि त्याला ते गोड वाटलं. पुढं कितीतरी दिवस त्याला आठवून मेल्याहून मेल्यासारखं होत राहिलं ते हेच, की गोड वाटलं.

सकाळी वहिनी उठली नाही. अंग तापलेलं, जीभ कोरडी, गुडघे पोटाशी. कुणी खाटेला धक्का दिला तरी कण्हायची. दादा दारात उभा राहून एकदा बाहेर रानाकडं बघायचा, एकदा आत. अर्धा कांदा अजून कापायचा होता. मग त्यानं कांदा भरायला सांगितलेला टेम्पो दाराशी बोलावला, त्यात गोणपाटं अंथरली, वर गादी टाकली आणि वहिनीला उचलून आत ठेवली. "कांदा?" ती म्हणाली.

"पडू दे," दादा म्हणाला.

मास्तरची बायको रानात राहिली. एकटीनं जेवढं झाकता येईल तेवढं झाकते म्हणाली. टेम्पो हलला. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला वहिनी दादाच्या मनगटात नखं रुतवत होती. मास्तर पायथ्याशी बसला होता. ताडपत्रीच्या फटीतून येणारा वारा तिच्या पोटावरचं पांघरूण हलवत होता. शेवटी त्यानं हात पुढं केला आणि पांघरुणावरूनच, कुणाच्या लक्षात येणार नाही असा, टेकवला. पोट नव्हतं, कडक फळी होती. वरून खाली, नुसती फळी. त्यानं हात असा मागं घेतला की जणू भाजलाच. कालचा उतारा कसला होता ते त्याला तेव्हाच कळलं. आत जे अपेंडिक्स फुगलं होतं ते फुटलं, म्हणून दुखणं थांबलं होतं. गोळीला गुण आला नव्हता.

मास्तर शिकत होता त्याच मोठ्या दवाखान्यात दारातच बारकी भेटली. तिची त्या दिवशी तिथं ड्यूटी होती. "मास्तर?" ती म्हणाली, आणि मग ट्रॉलीवर कोण आहे ते बघून पुढं काही न विचारता तिनं वहिनीच्या पोटावर हात ठेवला. सरळ, सहज. वहिनीच्या तोंडून हाय निघाली. बारकीचा चेहरा बदलला.

"कधीपासून आहे?"

मास्तरनं सांगितलं. सगळं नीट, क्रमानं, फक्त कालचा उतारा सोडून. सांगायला त्याच्यासारखं कुणी नाही.

"आणि काल पोट कसं होतं?"

दादा शेजारी उभा होता. नर्स होती. मागं अजून दोन पोरं येऊन उभी राहिली होती, पायऱ्यांवर बसणारी. मास्तरच्या जिभेला बोलायची सवय, गप्प राहायची नाही. ती आपली आपण बोलून गेली.

"मऊ होतं."

"तुम्ही दाबून पाहिलंत?"

"पाहिलं."

"दाबल्यावर दुखलं नाही?"

"नाही म्हणाली."

ट्रॉलीवर वहिनीनं डोळे उघडले. त्याच्याकडं पाहिलं, फार वेळ नाही. आणि मिटले.

मोठे डॉक्टर आले. वयानं मास्तरहून लहान, पण सगळे त्यांना मोठेच म्हणायचे. त्यांनी पोट पाहिलं, बारकीचं ऐकलं. "काल मऊ होतं म्हणजे फुटलंय ते आज. सलाईन, औषधं चालू करा. आत तो अपघाताचा पाय आलाय, रक्त थांबत नाही. तो आधी घेतो, मग ही." आणि ते गेले.

आता इथं मास्तरनं बोलायला हवं होतं. आज नव्हे, काल दुपारी फुटलंय, एवढंच सांगायचं होतं. ते एक वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण त्याच्या मागं दुसरं यायचं, मी हात लावला नव्हता, आणि त्याच्या मागं तिसरं, मी खोटं बोललो. तो भिंतीला टेकून मूग गिळून उभा राहिला. सलाईनचे थेंब पडत होते. दादा बाहेर जाऊन आभाळ बघून यायचा आणि "भाऊ, किती वेळ रे?" असं विचारायचा. मास्तर म्हणायचा, "होईल." वहिनीचा श्वास उथळ झाला. ओठ सुकून चिरले. ती काहीतरी पुटपुटत होती, त्यानं कान जवळ नेला, तर ती कांद्याच्या पाट्या मोजत होती. नाडी बघावी असं वाटलं, तर त्यानं तिचं पांघरूण तेवढं सारखं केलं.

बारकी जाता जाता थांबली. वहिनीचं मनगट धरलं, आणि दुसऱ्या क्षणी ती आतल्या दाराकडं पळत होती. मग माणसं धावली, ट्रॉली हलली, आणि दार बंद झालं.

बाहेर येऊन मोठे डॉक्टर म्हणाले, "पोटभर पू होता. वाचेल असं वाटतंय. पण आणखी तासभर उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." दादा मटकन खाली बसला. दादा कधी कुणापुढं रडला नव्हता, तो तिथं फरशीवर बसून तोंडावर टॉवेल धरून रडला. आणि मग उठून त्यानं मास्तरचा हात हातात घेतला. "तू होतास म्हणून वेळेवर आणलं," तो म्हणाला. हे ऐकण्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी पाऊस आला. मास्तरच्या बायकोनं ताडपत्री, गोणपाटं, घरातल्या चादरी, दाराचा पडदासुद्धा कांद्यावर टाकला, तरी अर्धा भिजला. दादा घरी गेला, भिजलेला कांदा उकरून वेगळा केला, वास मारणारा बांधापलीकडं फेकला. मास्तरची बायको दवाखान्यात आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. वहिनीजवळ बसून तिनं सगळं ऐकलं, आणि मास्तरला बाहेरच्या नळापाशी बोलावलं.

"तुम्ही पोट कधी पाहिलंत?"

मास्तरनं तिच्यासाठी नळ सोडला.

"मी रानातच होते दोन्ही दिवस. तुम्ही दोन हात लांबून बोलत होतात. उंटावरून शेळ्या हाकत होतात. आणि इथं सगळे म्हणतायत जाऊबाईंनी दुखणं लपवलं."

"मी सांगणार आहे."

"कधी?" बायको म्हणाली, हात धुतले आणि आत निघून गेली.

आत तर रोजच चाललं होतं. वहिनी शुद्धीवर आल्यापासून मोठे डॉक्टर पोरांचा घोळका घेऊन यायचे, आणि त्या घोळक्यात पांढरा कोट घालून मास्तरही असायचा, सगळ्यात मागं. "ही बघा," डॉक्टर म्हणायचे, "घरात डॉक्टर. त्यानं पोट दाबून विचारलं, दुखतं का? आणि ही बाई नाही म्हणाली. का हो बाई, कांदा जिवापेक्षा मोठा होता? तुम्हाला अक्कल नाही का?"

आणि वहिनी, पोटात नळी, अंगात ताप, हळू आवाजात म्हणायची, "चुकलं डॉक्टर. दुखत होतं. मीच नाही म्हणाले भाऊजींना. कांदा उघड्यावर होता."

पोरं मान हलवायची. शेजारच्या खाटेवरची बाई चुकचुकायची. रोज तेच. मास्तर हळूच पुढच्या खाटेकडं सरकायचा. बारकी मात्र एकदा मागं वळून त्याच्याकडं बघत राहिली, आणि त्यानं नजर खिडकीबाहेर नेली.

एकदा वॉर्ड रिकामा असताना तो स्टूल ओढून बसला. "वहिनी, मी त्यांना खरं काय ते सांगतो."

"काही सांगायचं नाही."

"पण तुम्ही का म्हणून ऐकून घ्यायचं?"

"मला काय, मी अडाणी म्हणून ऐकते आणि विसरते. तुम्हाला इथं राहायचंय. तुमच्या दादांनी कुणाकुणाला सांगितलंय ठाऊक आहे का, भाऊ डॉक्टर होतोय म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊजी. राहू द्या झाकलेली." आणि मग कूस बदलायचा प्रयत्न करत म्हणाली, "जरा ती उशी सरकवा."

त्यानं उशी सरकवली. काही दिवसांपूर्वी हेच मौन त्यानं आनंदानं घेतलं असतं. आता ते त्याच्या गळ्याखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी फेरी आली. मोठे डॉक्टर खुशीत होते, ताप उतरला होता. "मास्तर, पुढं या," ते म्हणाले. "तुमच्या घरचीच केस. तुम्हीच सांगा यांना, पहिल्यापासून. पेशंट दुखणं कसं लपवतो आणि आपण कसं फसतो, हे तुमच्यासारखं कुणी शिकवणार नाही."

पोरांनी वाट दिली. मास्तर खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. वर्गापुढं उभं राहिल्यासारखंच होतं सगळं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं त्याला येत होतं. वहिनीनं त्याच्याकडं बघून मान अगदी जराशी हलवली. नको, अशी.

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "बेंबीभोवती दुखत होतं. पेशंटला त्याच दिवशी एका डॉक्टरनं पाहिलं." तो थांबला. "पाहिलं नाही. विचारलं. लांबून. दुसऱ्या दिवशी दुखणं उजवीकडं सरकलं, ते पेशंटनं स्वतः होऊन सांगितलं. तरी हात लावला नाही. काही लपवलं नाही हिनं. सगळं सांगितलं होतं."

"कोण हा डॉक्टर?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"मी."

दोघातिघांनी बुटांकडं बघायला सुरुवात केली. बारकीचा आवाज आला, "मग मऊ होतं म्हणालात ते?"

"खोटं."

"आणि दाबल्यावर नाही म्हणाली, ते?"

"तेही मीच. हिच्या तोंडी घातलं."

"मास्तर, आपण त्यांना बाहेर थांबवलं होतं. तुमच्या त्या बोलण्यावर."

"हो. मी तिथंच उभा होतो." आयुष्यभर ज्या जिभेवर जगला ती टाळ्याला चिकटली. बारकीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी हातातला केसपेपर मिटला. मग खाटेजवळ गेले. "बाई, मी तुम्हाला रोज बोललो. कुणाचं पाप तुमच्या पदरी घातलं. मला माफ करा."

"जाऊ द्या डॉक्टर," वहिनी म्हणाली. तिचं लक्ष मास्तरकडं होतं आणि चेहरा रागानं आवळला होता. "एवढ्या शिव्या खाल्ल्या भाऊजी. साऱ्या मातीत घातल्यात."

"तुमचं पुढं काय करायचं ते मी नंतर ठरवेन," मोठे डॉक्टर मास्तरला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आता हात धुवा. आणि तपासा. यांच्यासमोर."

मास्तरनं हात धुतले. पुसले. पोरं खाटेभोवती दाटून उभी राहिली, त्यातून वाट काढत तो उजव्या बाजूला गेला. शिकवलं होतं तसं, गुडघ्यावर बसला.

"वहिनी, हात लावू का?"

"आता विचारताय होय," वहिनी म्हणाली.

पण चादर तिनंच बाजूला केली. टाक्यांवरचं कापड, नळी, भोवतीची पिवळी पडलेली कातडी. त्यानं तळहात टेकवला. पोट ऊन होतं, श्वासाबरोबर वर येत होतं. त्यानं बोटं हळूच दाबली. वहिनीनं खालचा ओठ दातात धरला, छताकडं बघत राहिली, आणि हूं की चूं केलं नाही.

"दुखत असेल तर दुखतं म्हणा, वहिनी. माझ्यासाठी लपवू नका आता."

वहिनीचा ओठ सुटला. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. इतके दिवस, टेम्पोत, ट्रॉलीवर, शिव्या खाताना, ती रडली नव्हती.

"दुखतंय हो," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून फार दुखतंय."

मास्तरनं मान खाली घातली, पण हात काढला नाही.